अकरा यार्डांवरचं खापर

सहा पाव कागदी पिशवीत घालून झाले, तरी गर्टीचा हात थांबला नाही. तिनं खसखस लावलेला सातवा पाव वरून ठेवला, पिशवीचं तोंड दुमडलं, आणि काउंटरवरून हात पुढं करून कॉर्डेलच्या मनगटावर दोनदा थोपटलं. "जाऊ दे रे बाळा," ती म्हणाली, "वळताना चुकतं एखाद्याचं. आमचा स्टॅन चाळीस वर्षं त्याच रस्त्यानं घरी येतोय, परवा बर्फात तोही भलतीकडंच वळला." मागं रांगेत पाचसहा माणसं होती. सोमवारची सकाळ, कामावर जायची घाई, एरवी या दुकानात कोण कुणाकडं बघत नाही. पण तेवढ्यापुरती सगळी रांग गप्प झाली, आणि जो तो काचेमागचे केक असे निरखायला लागला की जन्मात कधी केक पाहिलाच नव्हता. कॉर्डेल व्हिटलोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईनं शिवी दिली असती तर परवडली असती. काल मैदानातून आत जाताना साठ हजार लोकांनी शिव्या घातल्याच होत्या. आई काढली, बाप काढला, कुणी बर्फाचे गोळे फेकले, कुणी बिअरचा पेला. ते सगळं अंगावरून ओघळून गेलं. नऊ वर्षं अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू झेलून पोट भरणाऱ्या माणसाची कातडी तेवढी जाड होतेच. पण ही दया! सातवा पाव! लहान पोरानं चड्डी ओली केल्यावर त्याची समजूत काढावी तशी ही बाई त्याचं मनगट थोपटत होती, आणि तेही त्यानं न केलेल्या चुकीसाठी. बाई, मी चुकलो नाही, मी बरोबर वळलो, चेंडूच चुकीच्या जागी आला, एवढं सरळ वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. पण तसं म्हणायची सोय नव्हती. "थँक्यू, गर्टी," तो म्हणाला आणि बाहेर आला. गाडीत बसताना उजवा पाय हातानं उचलून आत घ्यावा लागला, त्याचाही राग त्यानं दारावर काढला.

रेडिओ लावायचा नाही असं ठरवून त्यानं लावलाच. मिलवॉकीत सोमवारी सकाळी रेडिओवर दुसरं काही नसतंच. जिंकलो तर गोडवे, हरलो तर श्राद्ध. वाउकेशाचा कुणी प्लंबर फोनवर तावातावानं सांगत होता की चाळीस सेकंद राहिलेली, चारच गुणांनी मागं, शेवटची रेघ फक्त अकरा यार्डांवर, आणि हा व्हिटलो आत वळतो! चेंडू बाहेर, हा आत! माझ्या म्हातारीला कळलं असतं हो कुठं वळायचं! निवेदक हसला. निवेदकही कधीकाळी खेळलेला, त्याला तरी अक्कल हवी होती. पण त्यानंही काल टीव्हीवर तेच तुणतुणं वाजवलं होतं. चेंडू जातो एकीकडं, झेलणारा जातो दुसरीकडं, आणि मधल्यामध्ये विरुद्ध बाजूचा माणूस तो अलगद उचलून घेतो. हे घरी खुर्चीत बसून बघणाऱ्याला झेलणाराच चुकलेला दिसतो, कारण चेंडूच्या जागी तो नसतो. साधा हिशोब. पण तो डाव, ती आधी ठरलेली चाल, तशी नव्हतीच. त्या डावात झेलणाऱ्यानं सरळ सात पावलं पळायचं आणि डोळा ठेवायचा मैदानाच्या मध्यावर उभ्या असलेल्या विरुद्ध बाजूच्या शेवटच्या राखणदारावर. राखणदार मध्यावरच थांबला, तर बाहेरच्या रेघेकडं वळायचं. राखणदारानं मध्य सोडला, तर आत वळायचं, मोकळ्या जागेत. आणि चेंडू फेकणाऱ्यानंही त्याच राखणदाराकडं बघायचं, तेच ठरवायचं, आणि झेलणारा वळायच्या आधीच चेंडू हातातून सोडायचा. दोन माणसं, एक डोळा. काल राखणदारानं मध्य सोडला होता. कॉर्डेलनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, अगदी त्याच्या टाचा फिरताना पाहिल्या. तो आत वळला. समोर हिरवंगार मोकळं मैदान होतं, एखादी गाय चारता आली असती इतकं. आणि चेंडू बाहेर गेला.

आता याचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं? त्या टकर लिंडग्रेनच्या. चेंडू त्यानं फेकला. मुख्य क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, खांदा निखळला म्हणून चार आठवड्यांपूर्वी याच्या हातात चेंडू आला. नॉर्थ डकोटाचा, गव्हाच्या रंगाच्या भुवयांचा, दिवसाला वीस वाक्यं बोलणारा माणूस. सामना संपल्यावर बातमीदारांनी त्याला गराडा घातला, तेव्हा रीतीप्रमाणं त्यानं दोन शब्द म्हणायला हवे होते: चूक माझी. या धंद्यातली ही सगळ्यात जुनी रीत. हरल्यावर जो तो म्हणतो, चूक माझी. फेकणारा म्हणतो, झेलणारा म्हणतो, प्रशिक्षक म्हणतो, गेल्या वर्षी तर गवत कापणाराही म्हणाला होता. त्यात खरंखोटं कुणी बघत नाही, ती शिंक आल्यावर देवाचं नाव घ्यावं तशी गोष्ट. आणि या लिंडग्रेननं काय म्हणावं? "त्या डावात आमचं दोघांचं जुळलं नाही." बस्स. एवढं बोलून टोपी घालून निघून गेला. आमचं दोघांचं! म्हणजे याचं काय असेल ते असो, पण दुसऱ्याचंही काहीतरी आहे, आणि तो दुसरा कोण हे सगळ्या गावानं पडद्यावर पाहिलेलं. नंतर तेच बातमीदार कॉर्डेलकडं आले, तोंडापुढं दहा मायक्रोफोन धरले. तो म्हणाला, "चूक माझी." काय म्हणणार दुसरं? झेलणाऱ्यानं फेकणाऱ्यावर बोट दाखवायचं नसतं. दाखवलं की तो संपला. मग त्याच्याकडं चेंडूच येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सकाळच्या पेपरात मथळा होता: व्हिटलोची कबुली.

कबुली! गाडी पुलावर आली, खाली नदी अर्धी गोठलेली, आणि त्याला एकदम बापाचा उजवा हात आठवला. जॉर्जियातल्या कागदाच्या गिरणीत बाप लगद्याच्या पट्ट्यावर होता. एका शुक्रवारी पट्टा अडकला, कागदाचा रोल फाटला, अख्खी पाळी बंद पडली. मुकादमानं आदल्या दिवशीच पट्टा जास्त ताणायला लावला होता, हे सगळ्या पाळीला ठाऊक. पण कागदावर नाव आलं एझेल व्हिटलोचं, बेफिकीर म्हणून. बाप काही बोलला नाही. दोन महिने झाडू मारायचं काम दिलं ते मारलं. त्या शुक्रवारी घरी येऊन जेवायला बसला, आईनं मक्याची भाकर आणि शेंगभाजी वाढली, आणि त्यानं काही न खाता टेबलावर मूठ आपटली, एकदाच. ताटं उडाली. मग तो उठून अंगणात गेला. दहा वर्षांच्या कॉर्डेलला बापाची कीव आली नाही, राग आला. बोलत का नाही हा? कुणाची चूक ते सांगत का नाही? चोर सोडून संन्याशाला फाशी आणि संन्यासी गप्प? आपण असं करायचं नाही, दुसऱ्याच्या पापाचं ओझं घ्यायचं नाही, हे त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आणि आता बत्तिसाव्या वर्षी, करारातलं शेवटचं वर्ष चालू असताना, तो पिशवीत सात पाव घेऊन निघाला होता. या धंद्यातून तो गेल्यावर लोक नऊ वर्षांतले चारशे झेल विसरणार होते, आणि एक वळण लक्षात ठेवणार होते. व्हिटलो? तोच ना तो, आत वळलेला? हीच त्याची ओळख राहणार होती, आणि ती खोटी होती. याचीच त्याला चीड होती.

सकाळी योलांडाशीही भांडण झालं होतं. बायको ती, तिनं सरळ विचारलं, "तू बरोबर होतास ना? मग सांग की सगळ्यांना. तोंड आहे ना तुला?" तो म्हणाला, तुला यातलं कळत नाही. ती म्हणाली, "नऊ वर्षं तुझे मोजे धुतेय, मला कळत नाही? बरोबर असलेला माणूस रात्रभर भिंतीकडं तोंड करून दात खात नाही, कॉर्डेल. आणि जिना उतरताना कठडा कशाला धरतोस हल्ली?" त्यावर तो इतका ओरडला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. कठड्याचा इथं काय संबंध! विषय काय चाललाय, ही बाई बोलते काय! तो आत्ताही गाडीत एकटाच मोठ्यानं म्हणाला, "कठड्याचा काय संबंध?" सिग्नलला शेजारी थांबलेल्या ट्रकवाल्यानं त्याला ओळखलं, काच खाली केली आणि हातानं खूण करून दाखवली: बाहेर, बाहेर वळ. कॉर्डेलनंही त्याला एक खूण केली, ती इथं सांगण्यासारखी नाही.

सोमवारी दहाला सगळे फेकणारे आणि झेलणारे एका खोलीत बसून आदल्या दिवसाची टेप बघतात. खुर्च्या शाळेतल्यासारख्या, लिहायला फळी जोडलेल्या, आणि पुढं बीमन. ऑर्व्हिल बीमन, आक्रमणाचा प्रशिक्षक, साठीचा, कानात केस, एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हातात डावांची जाड वही. त्याच्या लेखी जगात दोनच गोष्टी खऱ्या, टेप आणि वही. प्रत्येक डावात प्रत्येकाला तो अधिक किंवा उणे देतो, आणि तो कागद वरच्या मजल्यावर, संघाच्या मालकांकडं जातो. कॉर्डेल आत शिरला तेव्हा नेहमीच्या चेष्टा झाल्या नाहीत. फक्त रूडी, त्याच्यासारखाच जुना झेलणारा, म्हणाला, "या आजोबा, रस्ता सापडला ना इथवर?" आणि कुणी हसलं नाही तेव्हा तोही खाली बघायला लागला. टकर लिंडग्रेन पहिल्या रांगेत बसला होता, ताठ, मांडीवर हात. त्याच्या मानेमागची लाल कातडी कॉर्डेलच्या बरोबर समोर होती. तिच्यावर एक ठेवून द्यावी असं त्याला मनापासून वाटलं. बीमन दिवा बंद करताना म्हणाला, "उद्या मंगळवारी वरचे लोक एका नव्या फेकणाऱ्याची चाचणी घेतायत. तो ठेवायचा की लिंडग्रेनला ठेवायचं, हे मला विचारणार आहेत. तेव्हा आज मला उत्तरं हवीत, गाणी नकोत." मग खोली अंधारली आणि मैदान भिंतीवर उजळलं.

तो डाव शेवटी आला. आधी बाजूनं घेतलेलं चित्र, टीव्हीसारखंच. त्यात कॉर्डेल मूर्खच दिसत होता. मग बीमननं मागून, उंचावरून घेतलेलं चित्र लावलं. सातवं पाऊल. चित्र थांबलं. राखणदार मध्य सोडून गेलेला, टाचा फिरलेल्या, कुणीही बघावं. "व्हिटलो," बीमन म्हणाला, "इथं काय दिसलं तुला?" "मधला निघून गेलेला, कोच." "मग वही काय म्हणते?" "आत." "आणि तू कुठं गेलास?" "आत." "लिंडग्रेन, वही काय म्हणते?" "आत, कोच." "मग तुझा चेंडू बाहेर कुणाला भेटायला गेला होता? मावशीला?" आता हसू फुटलं. रूडीनं मागून कॉर्डेलच्या पाठीत धपाटा घातला, "मी म्हटलं नव्हतं का!" असं कुजबुजला, म्हटलं त्यानं काहीच नव्हतं. बीमननं अंधारातच कागदावर काहीतरी खरडलं. "व्हिटलोला अधिक. त्या गाढव टीव्हीवाल्यांनी काहीही बरळू दे, या खोलीत व्हिटलो बरोबर आहे." कॉर्डेल खुर्चीत ताठ बसला. हे. हेच हवं होतं. बघ, पप्पा, असं करायचं असतं. "चूक माझी, कोच," टकर म्हणाला. "ते आंधळ्यालाही दिसतंय!" बीमन कडाडला. "चूक कुणाची ते विचारत नाही मी. का, ते विचारतोय. पोरा, तुला डोळे आहेत. चार आठवड्यांत एकदाही तू राखणदार चुकीचा वाचला नाहीस. इथंही तू सरळ त्याच्याकडंच बघतोयस, मला तुझं शिरस्त्राण दिसतंय. बघून, समजून, बाहेर कशाला फेकलास?" भिंतीवर सगळे थांबलेले, चेंडू हवेत थांबलेला. टकरनं मान वळवून मागं बघितलं नाही. साधं माणूस कुणाचा विषय निघाला की त्याच्याकडं बघतं. खोलीतल्या प्रत्येकानं एव्हाना एकदा तरी कॉर्डेलकडं बघितलं होतं. फक्त त्यानंच बघितलं नाही. त्याची मान न बघण्याच्या कष्टानं आणखी लाल झाली होती, आणि त्या मानेकडं बघता बघता कॉर्डेलला बुधवार आठवला.

आठवला म्हणणंही खोटंच. तो कुठं गेला नव्हता. दुखऱ्या दाताच्या बाजूनं माणूस खात नाही, तसा कॉर्डेल कालपासून बुधवारच्या बाजूनं विचारच करत नव्हता. बुधवारी सराव संपल्यावर बर्फाच्या टबात दोघंच होते, तो आणि टकर. टकरनं विचारलं होतं, पाय कसा आहे. कॉर्डेल म्हणाला होता, पायाला काय धाड भरलीय. आणि मग, पाणी इतकं गार होतं की दात वाजत होते म्हणून, किंवा त्या माणसाच्या तोंडात वीसच वाक्यं असतात म्हणून, त्यानं सांगून टाकलं. आत वळायचं म्हणजे उजवा पाय रोवावा लागतो. उजव्या गुडघ्यात ऑगस्टपासून काहीतरी सरकतं. रोवला की आत सुरी फिरते, आणि अर्धा क्षण उशीर होतो. मैदान मोठं असेल तेव्हा तो उशीर झाकता येतो. शेवटच्या रेघेजवळ नाही. "हे बघ," तो म्हणाला होता, "रेघ जवळ असली आणि तो डाव आला, तर राखणदार गेला खड्ड्यात. मी बाहेरच वळणार. डोळे मिटून फेक. मी तिथं असेन." टकर म्हणाला, "वहीत तसं नाही." "वही तुझ्या आधीपासून पाठ करतोय मी." "कोचला सांगू या?" "एक अक्षर बोललास कुणाजवळ तर जीभ हासडीन. गुडघ्याचं कळलं की मी उद्याच्या उद्या घरी. कळलं?" टकरनं बराच वेळ पाण्याकडं बघितलं होतं. "कळलं," तो म्हणाला होता. आणि काल, अकरा यार्डांवर, टकरनं राखणदाराला मध्य सोडताना पाहिलं, मोकळी जागा पाहिली, वही त्याच्या डोळ्यांपुढं उघडी होती, आणि ती सगळी बाजूला सारून त्यानं चेंडू तिथं फेकला, जिथं कॉर्डेल व्हिटलोनं असेन म्हणून शब्द दिला होता. आणि कॉर्डेल? त्याला काही ठरवायला वेळच झाला नाही. सात पावलं झाली, समोर ते हिरवं मैदान उघडलं, थंडीनं गुडघा बधीर होता, दुखत नव्हता, आणि नऊ वर्षांची सवय त्याच्या पायांनी स्वतःच उरकली. एक क्षण त्याला वाटलं होतं की आपण तेवीस वर्षांचे आहोत. किती बरं वाटलं होतं! त्या क्षणात शब्दबिब्द काही नव्हता.

"बोल ना रे!" असं त्याला पहिल्या रांगेकडं बघून ओरडावंसं वाटलं. बोल, हरामखोरा! सांग की म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. पण टकर तसाच बसला होता, आणि कॉर्डेलही बसला होता, फळीवर दोन्ही कोपरं टेकून, आपल्या अधिकासकट. त्याचं तोंडही बंदच होतं. बीमन म्हणाला, "ठीक आहे. उत्तर नाही, हेही उत्तरच." आणि कागदावर दुसरी रेघ ओढली. ती उणे होती.

दिवे लागल्यावर कॉर्डेलनं टकरला बाहेरच्या बोळात गाठलं, दंडाला धरून सरबताच्या यंत्रामागं ओढलं. "का नाही बोललास? मोठा आलास साधुपुरुष! उद्या तुला पिशवी भरायला लावतील, कळतंय का? आणि काल बातमीदारांपुढं बरं तोंड उघडलं! जुळलं नाही म्हणे! गावानं माझ्या नावानं शिमगा केला तुझ्या त्या एका वाक्यावर. चूक माझी म्हणायला काय जीभ झिजत होती?" टकरनं दंड सोडवून घेतला नाही. "ते खोटं झालं असतं," तो म्हणाला. "तुझी म्हटलं असतं तर चहाडी झाली असती. जुळलं नाही, तेवढंच काय ते खरं होतं." "आणि आत्ता? आत्ता म्हणालास की चूक माझी!" "आत्ता कोचनं रोखून विचारलं," टकर म्हणाला. "मला दुसरं काही सुचलं नाही." एवढं बोलून तो बाकावर जाऊन बसला. त्याचा शांतपणा बघून कॉर्डेलला इतका राग आला की त्यानं यंत्राला लाथ घातली, आणि घातली ती नेमकी उजव्या पायानं. डोळ्यांपुढं काजवे चमकले. भिंत धरून तो उभा राहिला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा तो कालपासून अख्ख्या गावावर, बायकोवर, पाववालीवर ओरडत होता, आणि गिरणीतल्या त्या मुकादमालाही बहुतेक असाच राग येत असेल, खराखुरा, पोटातून आलेला. माणसाला राग आला म्हणजे तो बरोबर असतोच असं नाही, हे त्याला बत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तर त्याच्यावरही तो चिडलाच असता.

बीमनचं दार उघडंच होतं. "कोच," कॉर्डेल उंबऱ्यावरूनच म्हणाला, "कालची चूक माझी." बीमननं कागदावरून मान वर केली नाही. "बस कर रे बाबा. कालपासून सात जण येऊन गेले. एकजण म्हणाला, नाणेफेक हरलो ती चूक माझी." "खरंच माझी आहे." "असं म्हणणारे जुने लोक आता राहिले नाहीत," बीमन म्हणाला, आणि त्याच्या खडबडीत आवाजात चक्क माया होती. "ऐक. चार वाजता मला रेडिओवर बोलायचंय. तुझं नाव धुऊन काढतो. स्पष्ट सांगतो, व्हिटलो बरोबर होता, टेप आहे माझ्याकडं. झालं समाधान? जा आता, लिंडग्रेनचं काहीतरी लिहायचंय मला." झालं होतं समाधान. कालपासून जे जे हवं होतं ते सगळं त्या टेबलावर मांडून ठेवलं होतं. चार वाजता तो प्लंबर ऐकणार होता, ट्रकवाला ऐकणार होता. आपण सांगून बघितलं ना, त्यानं ऐकलं नाही तर आपण काय करणार? खरं बोलायलासुद्धा या धंद्यात जागा ठेवली नाही लोकांनी, तीच ती दोन वाक्यं म्हणून म्हणून पार गुळगुळीत करून टाकलीत. कॉर्डेल वळला, दाराच्या मुठीला हात घातला. बोळात बाकावर टकर बसलेला दिसत होता, गुडघ्यांवर हात, कुणीतरी हाक मारील म्हणून थांबलेला. त्याच्याकडं बघून कॉर्डेलला पुन्हा संताप आला, पण या वेळी त्याला दुसरं कुणी सापडेना. त्यानं दार आतून लावलं आणि परत टेबलाशी आला.

"माझा उजवा गुडघा आत वळत नाही, कोच," तो म्हणाला. "मीच त्याला सांगितलं होतं. बुधवारी. रेघेजवळ मी बाहेरच वळीन, डोळे मिटून फेक म्हणून. त्यानं फेकला. मी शब्द विसरलो." बीमनची पेन्सिल थांबली. आता त्यानं वर बघितलं, आणि त्या डोळ्यांत मघाची माया उरली नव्हती. विकत घ्यायच्या घोड्याकडं बघावं तसा तो कॉर्डेलच्या पायाकडं बघत होता. "केव्हापासून?" "ऑगस्ट." "डॉक्टरला माहीत आहे?" "नाही." "आणि लिंडग्रेनला माहीत होतं." "मी जीभ हासडायची धमकी दिली होती." बीमन खुर्चीत मागं रेलला. मग त्यानं खोडरबर घेतलं, कागदावर खसाखसा घासलं, फुंकर मारली, आणि दोन नवी चिन्हं लिहिली. कॉर्डेलला ती उलटी दिसली तरी वाचता आली. दोन्ही उणे. "त्याला का?" कॉर्डेल ओरडला. "त्यानं काय केलं?" "वहीबाहेर खेळला. पण का खेळला ते आता मला सांगता येईल, वरच्यांना उद्या तेवढं पुरेल. त्याला इथं पाठव." मग, रिमोटकडं बघत तो म्हणाला, "आणि व्हिटलो. उद्या सकाळी आठला वर ये. वही घेऊन." या धंद्यात वही घेऊन ये असं ज्याला सांगतात, त्याला त्यापुढं काही सांगावं लागत नाही. प्रत्येकाला दिलेली डावांची वही संघाची असते. ती परत घेतली की माणूस मोकळा होतो. कॉर्डेल "हो, कोच" म्हणाला आणि बाहेर आला.

टकर बाकावरून उठला. "काय झालं?"

"जा आत. राहतोयस तू."

टकरनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग पायाकडं. "आणि तू?"

"मी?" कॉर्डेलचा आवाज इतका चढला की बोळाच्या टोकाला रूडीनं दारातून डोकं बाहेर काढलं. "माझं वाटोळं केलंस तू! तिथं खोलीत एक शब्द टाकला असतास तर आपण भांडलो असतो, मी नाही म्हटलं असतं, तुझी बाजू खोटी पाडली असती, सगळं रीतसर झालं असतं! तुझ्यापायी मला आत जाऊन खरं बोलावं लागलं! कुणी सांगितलं होतं तुला गप्प बसायला?"

"तूच," टकर म्हणाला, आणि बीमनच्या खोलीकडं निघाला.